राणीची पट्टी

ऑटनी गावात यकृताचं दुखणं कुणालाच नव्हतं, आणि तरीही थर्लोच्या यकृततारक गोळ्यांची डबी घरोघरी होती. गोळ्या बनवणाऱ्या केझाया थर्लोला यात विसंगत असं काही वाटत नसे. औषध इतकं जालीम आहे की दुखणं गावच्या पुलावरूनच परत फिरतं, असा तिचा सरळ निष्कर्ष होता, आणि तो खोडून काढायला गावात डॉक्टर नव्हता. एक होता, पण दलदलीच्या हवेने त्यालाच हिवताप झाला आणि तो लंडनला पळाला.

गोळ्यांची कृती केझायाच्या नवऱ्याची, एनॉकची. काळा बोळ, रेवाचिनी, सुंठ आणि साबण. पहिल्या तिन्हींचं कारण कुणालाही पटेल. साबण का, हे एनॉकने कधी सांगितलं नाही. पण माणूस बाहेरून साबणाने स्वच्छ होतो तर आतून का होऊ नये, असं केझायाने स्वतःचं समाधान करून घेतलं होतं. डबीवरचा मजकूरही एनॉकचाच. त्यात कावीळ होती, मळमळ होती, जेवणानंतरची सुस्ती, जेवणाआधीची चिडचिड, ‘समुद्रप्रवासातील खिन्नता’ आणि ‘वकिली व्यवसायात जडणारे विकार’ होते. ऑटनीत समुद्र नव्हता आणि वकीलही नव्हता, पण एनॉकची नजर लांबवर होती. गोळ्या मात्र ऑटनी आणि आसपासच्या चार वस्त्यांपलीकडे कधी गेल्या नाहीत. एनॉकही गेला नाही. बटाट्यांच्या होडीतून तोल जाऊन तो कालव्यात पडला आणि तिथेच संपला. त्या दिवशी सकाळी त्याने नेमाने दोन गोळ्या घेतल्या होत्या. म्हणजे गेला तेव्हा यकृत उत्तम होतं, हे केझाया भेटेल त्याला सांगे.

पुढे ती एकटीच सगळं करू लागली. खलात कुटणं, कणकेसारखं मळणं, लांब वळी करून कापणं, ज्येष्ठमधाच्या पुडीत घोळवणं, डबीत भरणं. आणि शेवटी डबीच्या झाकणावरून दोन्ही अंगांनी खाली उतरेल अशी सरकारी पट्टी चिकटवणं. माणसाच्या अशा औषधाच्या डबीवर ही पट्टी हवी असा कायदा होता. औषधावर सरकारचा कर, आणि तो भरल्याची खूण म्हणजे ही कागदी पट्टी: वर मुकुट, भोवती वेलबुट्टी, मध्ये सरकारचं नाव. केझायाच्या लेखी ती नुसती कटकट होती. चिकटवताना जिभेवर खळीची चव राही, आणि कितीही जपलं तरी पट्टी जराशी वाकडीच बसे. लोक गोळ्या घेतात आणि पट्टी त्यावर फुकट जाते, अशी तिची समजूत होती.

प्रत्यक्षात उलटं होतं, आणि ते तिला एका उन्हाळ्याच्या दिवशी वाम मासे आणायला गेल्यावर कळलं.

वाम पकडणारा जेथ्रो सेचेल कालव्याच्या काठावर बसून विलो झाडाच्या फोकांचा सापळा विणत होता. साठीकडे झुकलेला विधुर. बोलणं कमी आणि तेही सावकाश, कारण वाम हा मासा बोलण्याने पळतो. विजार त्याने मांड्यांपर्यंत गुंडाळली होती, आणि दोन्ही गुडघ्यांवर काहीतरी चिकटवलेलं होतं. केझाया वाकून पाहू लागली. मुकुट ओळखीचा वाटला.

“सेचेल, गुडघ्यांना काय लावलंयत?”

“पट्टी.”

“कसली पट्टी?”

“तुमचीच की, थर्लोबाई. म्हणजे राणीची. तुमच्या डबीवरची.”

“ती डबी बंद ठेवायला असते!”

“असेल. पण दुखणंही बंद ठेवते.” जेथ्रोने गुडघा प्रेमाने थोपटला. “किटलीच्या वाफेवर डबी धरायची, की पट्टी अख्खी सुटते. फाटली तर उपयोग नाही. आणि मुकुट दुखऱ्या बाजूला हवा. माझ्या भावाने घाईत उलटी लावली, तर दुखणं त्याच्या बायकोला गेलं.”

केझाया काठावर बसली. “आणि गोळ्या?”

अक्रोड फोडल्यावर टरफलाचं काय करता, असं विचारल्यासारखं जेथ्रोने तिच्याकडे पाहिलं.

“गोळ्या डचेसला.”

नाव ऐकताच झोपडीमागून डचेस आली. ती एक डुकरीण होती, पण नाव तिला शोभत होतं. गुलाबी, भव्य, आणि चालताना आजूबाजूचं जग आपल्यासाठी बाजूला होईल याची खात्री असलेली. केझायाने आयुष्यात इतकं निरोगी जनावर पाहिलं नव्हतं. माणूसही पाहिला नव्हता.

“सगळ्या? दर महिन्याच्या?”

“तिला आवडतात. डबी खुळखुळली की पळत येते.” केझायाचा चेहरा पाहून काहीतरी चुकतंय एवढं जेथ्रोच्या लक्षात आलं, आणि तो भला माणूस असल्यामुळे त्याने तिला बरं वाटावं म्हणून पुढे सांगितलं, “तुमच्या गोळ्यांबद्दल तशी कुणाचीच तक्रार नाही, बाई.”

वाम न घेताच ती परतली आणि वाटेतल्या प्रत्येक घरी थांबली. हे गुपित नव्हतंच. तिला कुणी सांगितलं नव्हतं इतकंच, कारण तिला ठाऊकच असणार असं सगळे धरून चालले होते. चर्चचा घंटावाला पट्टी कमरेला लावी. लोहार दातदुखीसाठी गालाला. पट्टी पुढच्या अंघोळीपर्यंत टिके, म्हणजे चांगलीच टिके. ‘तीन वाम’ या दारूच्या गुत्त्याची मालकीण मिसेस कटलॅक हिने तर टोपी उचलून कपाळावरचा मुकुटच दाखवला.

“डोकं उठलं की लावते. एकदा नवऱ्याच्या जिभेवर लावून पाहिली होती, बडबड थांबेल म्हणून. ओली होऊन सुटली मेली.”

“आणि गोळ्या, हॅना?”

“आमच्याकडे डुक्कर कुठे आहे? शेजारच्यांच्या डुकराला देते. टाकून द्यायच्या म्हणजे जिवावर येतं ना गं. पैसे मोजलेले असतात.”

“पण औषध गोळीत आहे! पट्टी नुसता कागद आहे!”

मिसेस कटलॅकने तिच्या खांद्यावर हात ठेवला. “केझाया, तू मला बहिणीसारखी. पण तूच सांग. एका बाजूला राणीसाहेबांचा शब्द, आणि एका बाजूला तू घरात साबण कुटतेस. तू कशावर विश्वास ठेवला असतास?”

केझाया घरी येऊन गोळ्यांच्या फळीसमोर बसली. एनॉकनंतर तिने वळलेली प्रत्येक गोळी डुकराच्या पोटात गेली होती. इतक्या वर्षांत कुणी कडूपणाची तक्रार केली नाही याचा तिला अभिमान होता. आता त्याचंही कारण कळलं. तिने स्वतः कधी गोळी घेतली नव्हती, बनवणाऱ्याने आपल्याच मालावर ताव मारणं तिला बरं दिसत नसे. धंद्यात खोट नव्हती, डब्या खपत होत्या, आणि दुसरी एखादी असती तर गप्प बसली असती. पण केझायाला त्या दिवसापासून एकाच गोष्टीचा ध्यास लागला: एका तरी माणसाने, दोन पायांवर उभं राहून, राजीखुशीने, एनॉकची एक गोळी गिळावी. मग ती मरायला मोकळी झाली असती. निदान पीटरबरोला जायला.

पीटरबरोला तिची बहीण जेमायमा राहत असे. तिचं टोप्यांचं दुकान होतं आणि तीन चपट्या नाकांची कुत्री होती. तू एकटी दलदलीत काय करतेस, इकडे ये आणि कुत्र्यांचं बघ, असं ती दर नाताळाला म्हणे. केझाया दर नाताळाला नको म्हणे, कारण तिचं इथे औषध होतं. आता औषध कुणाचं, हाच प्रश्न होता.

तिने प्रयत्न केले. गोळीला साखरेचा लेप दिला. डुकरांना त्या आणखी आवडल्या. चर्चनंतर फाटकाशी उभी राहून तिने बशीत गोळ्या फुकट ठेवल्या. लोकांनी बशीवरून वाकून डबी कुठे आहे ते पाहिलं आणि निघून गेले.

आणि मग लंडनहून नव्या पट्ट्या आल्या.

मुकुट तोच होता, वेलबुट्टी तीच. फक्त खाली एक नवी ओळ छापलेली होती. केझायाने ती वाचलीही नाही, कारण पट्टी वाचायची असते असं तिला कधी वाटलंच नव्हतं. पण गिऱ्हाइकांना वाटत होतं. मिसेस कटलॅकने किटलीवर पट्टी सोडवली, कपाळाशी नेता नेता तिची नजर गेली, आणि तिने ती ओळ मोठ्याने वाचली: ‘या पट्टीवरून सरकारने कसलीही हमी दिली आहे असे समजू नये.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटनीत सगळ्यांचं सगळं दुखायला लागलं.

लोहाराचा गाल सुजला. घंटावाल्याची कंबर धरली आणि गावाने त्या रविवारी चर्चची वेळ अंदाजाने ठरवली. जेथ्रोचे गुडघे असे आखडले की वाम त्याच्या डोळ्यांदेखत सापळ्यात येऊन, फिरून, परत गेले. ही दुखणी मुळात गेलेलीच नव्हती असं एखाद्या डॉक्टरने सांगितलं असतं. पण, वर म्हटल्याप्रमाणे, डॉक्टर नव्हता.

संध्याकाळी सगळं गाव ‘तीन वाम’मध्ये जमलं. केझायाही आली आणि दाराशी उभी राहिली. तिच्याकडे कुणी रागाने पाहत नव्हतं. रागाने पाहिलं असतं तर बरं, अशी कणव त्यांच्या नजरेत होती.

“राणीसाहेबांनी शब्द मागे घेतला,” लोहार गाल धरून म्हणाला. “प्रश्न एवढाच आहे की का.”

“का म्हणजे? वाम!” मिसेस कटलॅक काउंटरवरून म्हणाली. “राणीसाहेबांच्या वाढदिवसाला आपण धुरावर सुकवलेले वाम पाठवले होते की नाही? पोचल्याचं एक अक्षर आलं का? मी तेव्हाच म्हटलं होतं, उन्हाचे दिवस आहेत, वाटेत वास मारतील. कुणी पकडले होते ते वाम?”

सगळ्या माना जेथ्रोकडे वळल्या. जेथ्रोने बिअरच्या पेल्यात पाहिलं.

“वाम चांगले होते,” तो म्हणाला.

“निघताना चांगले होते. पोचताना कसे होते, ते तू पाहायला गेला होतास?”

जेथ्रोने एक घोट घेतला. एवढ्यात पाद्री पेलिंग आले. ते केंब्रिजला शिकलेले होते आणि गावाच्या अडचणीत नेहमी उपयोगी पडायला धडपडत, त्यामुळे अडचण साधारण दुप्पट होई.

“मित्रहो,” ते म्हणाले, “पट्टी म्हणजे हमी नव्हे, आणि कधीच नव्हती. तो फक्त कर आहे. जसा बिअरवर कर असतो, अगदी तसाच.”

घंटावाल्याने आपला पेला नाकाशी नेऊन हुंगला.

“म्हणजे,” लोहाराने पेला सावकाश खाली ठेवला, “बिअरचीही हमी नाही?”

“तसं नाही...”

“पाद्रीसाहेब, माझ्या दुकानात उभं राहून हे बोलू नका,” मिसेस कटलॅक म्हणाली.

तेव्हा केझाया पुढे आली. तिने खिशातून डबी काढली आणि काउंटरवर आपटली. पट्टी फाटली. दोन-तीन बायकांनी ‘अरेरे’ केलं.

“ऐका! राणीने हमी दिली नसेल तर मी देते. या गोळ्यांत काय आहे ते मला माहीत आहे, राणीला माहीत नाही. कुणीतरी एक गोळी खा. एकजण. एकच.”

“खा म्हणजे...” घंटावाल्याने खात्री करून घेतली, “तोंडाने?”

“मग काय कोपराने?”

लोक एकमेकांकडे पाहू लागले. कुणाचं वाईट व्हावं असं कुणालाच वाटत नव्हतं; पण डुकरांचं खाणं माणसाने खायचं म्हणजे अतीच होतं. जेथ्रो अर्धवट उठला. बहुधा तो पुढे येणार होता, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही, आणि तो पुन्हा बसला. केझायाने तेवढंच पाहिलं की तो बसला. तिने डबी उचलली आणि घरी जाऊन ट्रंक काढली.

ट्रंक भरायला तिला बरेच दिवस लागले. जिथे काही सोडून जायचं नसतं तिथे सामान लवकर आवरतं. तिने खल बांधला, पुन्हा सोडला. न खपलेल्या डब्यांची भिंत झाली होती, तिचं काय करायचं ते ठरेना. एक जुनी पट्टी, नव्या ओळीच्या आधीची, अख्खी सापडली. काठ वाकडा कापला गेल्यामुळे ती कधी वापरली नव्हती. तिने ती टाकायला उचलली आणि टेबलाच्या खणात ठेवली.

सप्टेंबरात एली शहरात शेतकी प्रदर्शन भरलं. जेथ्रो काठी टेकत टेकत डचेसला घेऊन गेला, कारण त्याने वर्षभर तसं म्हणून ठेवलं होतं, आणि म्हटलेलं करायचं ही त्याची एक खोड होती. डचेसला पहिलं बक्षीस मिळालं. दुसरं बक्षीस लोहाराच्या शेजाऱ्याच्या डुकराला. तिसरं, मिसेस कटलॅक ज्याला दर महिन्याला डबी खाऊ घालत असे, त्याला. इतर गावांच्या डुकरांना परीक्षकांनी ‘प्रयत्न चांगला’ असं म्हटलं.

परीक्षक हे मोठे जमीनदार होते. त्यांनी डचेसच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, “हिला घालता काय?”

“बटाट्याच्या साली, ताक,” जेथ्रो म्हणाला, “आणि थर्लोबाईंच्या यकृताच्या गोळ्या.”

दोन दिवसांनी केझाया ट्रंकेवर बसून ती बंद करायच्या खटपटीत असताना बाहेर चाकांचा आवाज झाला. दारात शेतकऱ्यांच्या गाड्यांची रांग लागली होती. सगळ्यांत पुढे एक लालबुंद गृहस्थ, त्याला डब्यांची संपूर्ण भिंत हवी होती.

“माझ्या गोळ्या माणसांसाठी आहेत,” केझाया कडक आवाजात म्हणाली. “माणसाच्या यकृतासाठी. डबीवर लिहिलंय.”

“डुकरालाही यकृत असतं, बाई. मी कांदा घालून खातो.”

“माझ्या नवऱ्याने आयुष्य वेचलं यात!”

“मग मोठा माणूस होता,” तो गृहस्थ टोपी काढून म्हणाला, आणि त्याला ते अगदी मनापासून वाटत होतं. “माझ्या डुकरांना गेल्या वर्षी जंतांनी पार खाल्लं. तुमच्या नवऱ्याला कुणी आधी का नाही विचारलं?”

एनॉकला मोठा माणूस म्हणणारं हे पहिलंच कुणी भेटलं होतं.  केझायाने ट्रंकेवरून उठून भिंत विकली.

पाद्री पेलिंग दुसऱ्या दिवशी अभिनंदनाला आले आणि त्यांनी एकदाच, चुकून, खरोखर उपयोगी पडणारी गोष्ट सांगितली. पट्टीचा कायदा माणसांच्या औषधापुरता होता. जनावरांच्या औषधाला पट्टी लागत नाही. म्हणजे कर नाही, खळ नाही, वाकडा काठ नाही. केझायाने रात्रभर विचार केला आणि नवं लेबल लावलं: ‘थर्लोच्या वराहतारक गोळ्या’. खाली डचेसचं चित्र. समुद्रप्रवासातील खिन्नता तिने तशीच ठेवली. डुकरं हल्ली बोटीने जात असत.

ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली. पण केझाया सुखी झाली होती असं म्हणता येणार नाही. एनॉकची गोळी आता केंब्रिजपर्यंत जात होती, आणि सगळीकडे चार पायांवर उभं राहूनच खाल्ली जात होती.

मग एक चमत्कारिक गोष्ट सुरू झाली. ऑटनीत जितकी डुकरं होती त्याहून कितीतरी जास्त डब्या खपू लागल्या.

पहिल्यांदा आली मिसेस कटलॅक. तिने आधी हवेबद्दल बोलून घेतलं.

“एक डबी दे. म्हणजे, डुकरासाठी.”

“तू डुक्कर घेतलंस, हॅना?”

“माझं नाही गं. बहिणीचं.”

“काय होतंय त्याला?”

“डोकं दुखतं.”

केझायाने तिच्याकडे पाहिलं. मिसेस कटलॅकने छताकडे पाहिलं.

“वय काय डुकराचं?”

“बावन्न.”

“जिना चढताना धाप लागते का?”

“लागते की,” मिसेस कटलॅक जवळ सरकून हळूच म्हणाली. “आणि नवऱ्याचा आवाज ऐकला की छातीत धडधडतं. डुकराच्या.”

“रात्री झोपताना दोन. आणि डुकराला सांग, चावायच्या नाहीत, गिळायच्या.”

दुसऱ्या दिवशी लोहार आला. त्याचं डुक्कर दातदुखीने हैराण होतं आणि तंबाखू ओढायचं सोडायला तयार नव्हतं. घंटावाल्याच्या डुकराची कंबर दोर ओढताना धरत असे. शेवटी स्वतः पाद्री पेलिंग आले, कोटाची कॉलर वर करून, मागच्या दाराने.

“एका... परिचिताच्या डुकरासाठी हव्या होत्या. शनिवार आला की त्याला मळमळतं. प्रवचन लिहायला बसलं की फारच.”

“डुकराला?”

“हं,” पाद्रीसाहेब म्हणाले, आणि केंब्रिजचा माणूस लाल होतो तसे लाल झाले.

का घेत होते, ते उघड होतं. डचेसच्या तब्येतीला राणीच्या शब्दाची गरज नव्हती. ती स्वतः गावातून रोज फिरत होती आणि कुणीही तिला पाहू शकत होतं. माणसाचं औषध माणसं घ्यायला तयार नव्हती, पण डुकराचं औषध म्हटल्यावर त्यात काही लबाडी नसणार, डुकराला कोण फसवेल, असा सगळ्यांचा ग्रह झाला होता. गोळ्या गिळल्या जात होत्या. केझायाला हवं ते घडत होतं, फक्त ते कबूल करायला कुणी तयार नव्हतं. दुकानातून जाणारी प्रत्येक गोळी कागदोपत्री एखाद्या डुकराचीच होती. एवढी सारी डुकरं, आणि एक माणूस सापडू नये!

नाताळाच्या आधल्या आठवड्यात जेथ्रो आला. काठी दाराशी टेकवली, टोपी काढली, वामांची टोपली टेबलावर ठेवली. बाहेर डचेस थंडीत फुंकारत उभी होती.

“डचेसला किती देऊ?” केझायाने विचारलं.

“डचेसला नकोत. ती ठीक आहे.”

“मग कुणाचं डुक्कर?”

“डुक्कर नाही.” जेथ्रोने टोपी हातात फिरवली. “मला.”

“तुम्हाला म्हणजे...?”

“मला म्हणजे जेथ्रो सेचेलला. मध्ये कुणी डुक्कर नाही.” मग त्याच्या मानाने फार मोठं भाषण त्याने केलं. “त्या दिवशी गुत्त्यात मी उठलो होतो, बाई. गुडघे आले नाहीत. तेव्हापासून येईन म्हणतोय.”

केझाया आत गेली आणि एक गोळी बशीत घेऊन आली. घरात चांगली बशी एकच होती, तीच आणली. जेथ्रो दोन पायांवर, जमेल तेवढा ताठ उभा राहिला. गोळी तोंडात टाकली. आणि चावली.

“गिळायची असते!”

“आधी सांगायचं,” जेथ्रो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ओठांच्या कोपऱ्यात साबणाचा बारीक फेस दिसू लागला. त्याने चावत राहून ती संपवली, कारण सुरू केलेलं संपवायचं ही त्याची दुसरी खोड होती.

“कशी आहे?” केझायाचा जीव कानांत आला होता.

जेथ्रोने बाहीने फेस पुसला. खोटं त्याला बोलता येत नसे, आणि आज तर मुळीच बोलायचं नव्हतं.

“डचेसच्या जिभेबद्दल माझं मत बदललं,” तो म्हणाला. “पण गोळी खरी आहे. एवढी कडू गोष्ट खोटी असणार नाही.”

एनॉकच्या गोळीला याहून चांगलं प्रशस्तिपत्र मिळालं नव्हतं. केझायाने खुर्ची ओढून त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि तिला उगीचच हसू येऊ लागलं.

“आता गुडघे कधी थांबतील?” जेथ्रोने विचारलं.

“गुडघ्यांचा काय संबंध? ही यकृताची आहे.”

“यकृत माझं बरं आहे.”

“आता आणखी बरं होईल.”

“आणि गुडघे, केझाया?”

त्याने तिला नावाने हाक मारली, हे दोघांनाही थोडं उशिरा कळलं. केझायाने टेबलाचा खण उघडला. वाकड्या काठाची ती जुनी पट्टी तिथेच होती. मुकुट, वेलबुट्टी, आणि खाली एकही शब्द जास्तीचा नाही.

“विजार वर घे,” ती म्हणाली. “कुठला जास्त दुखतो?”

“डावा.”

“मुकुट दुखऱ्या बाजूला ना?”

“दुखऱ्या बाजूला.”

तिने पट्टी जिभेने ओली केली. खळीची चव तीच जुनी होती. पट्टी नेहमीसारखी जराशी वाकडी बसली. सुकेपर्यंत हाताने दाबून धरावी लागते, असं तिने त्याला सांगितलं. आणि आयुष्यात असंख्य पट्ट्या लावलेल्या, त्या कशा क्षणात चिकटतात हे गावात सगळ्यांत चांगलं ठाऊक असलेल्या जेथ्रोने ते लगेच मान्य केलं.